हँड हायजीनच्या टेस्टमध्ये सगळ्यांना दहापैकी दहा, वॉर्डात मात्र जैसे थे. शिकवायचं तरी काय?

नवी_आयसीएन
मंडळी, जरा लांब आहे, वाचून घ्या. बारा वर्षं वॉर्डात काढल्यावर दोन महिन्यांपूर्वी मला इन्फेक्शन कंट्रोल नर्स केलंय, आणि पहिलंच काम गळ्यात पडलं ते सगळ्या नर्सिंग स्टाफला हँड हायजीनचं ट्रेनिंग द्यायचं. पाऊण तासाचं सेशन, आधीच्या मॅडमनी करून ठेवलेल्या स्लाइड्स, जंतूंचे फोटो, मग सगळ्यांनी उभं राहून तळव्यावर तळवा, बोटांत बोटं, अंगठा, नखं असं करून दाखवायचं आणि शेवटी दहा मार्कांची टेस्ट. सगळ्यांना नऊ नाहीतर दहा. मी खूश. त्याच आठवड्यात एका वॉर्डात फाइल हातात धरून कोपऱ्यात वीस मिनिटं उभी राहिले, तर दहापैकी दहावाल्या एका सिस्टरने पेशंटची युरिन बॅग रिकामी केली आणि त्याच ग्लोव्हजनी शेजारच्या बेडवरचं सलाइन संपलंय का बघायला गेली, ड्रिप चेंबर चिमटून बघितला वगैरे. म्हणजे येत नाही असं नाहीये, येतं सगळं. मग चुकतंय कुठे? परत तेच सेशन घ्यायचं अगदी जिवावर आलंय. (स्टाफरूममध्ये "ही बाई हात धुवून मागे लागलीये" असा जोक चालू आहे माझ्यावर. मला आवडला, पण तरी.)

जुनी_सिस्टर
जोक भारी आहे, पुढच्या सेशनची सुरुवात त्यानेच करा.

तुम्ही शिकवताय ते "कसे धुवायचे", आणि ते आपल्याला नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून तोंडपाठ असतं. घोडं अडतं ते "कधी"वर. डब्ल्यूएचओने २००९ च्या गाइडलाइनमध्ये पाच क्षण दिलेत: पेशंटला हात लावायच्या आधी, निर्जंतुक कामाच्या आधी, रक्त-लघवी वगैरेशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावर. हे पण पोस्टरवर असतं हो, पण पोस्टरवरचा पेशंट कसा, एकटाच शांत पडलेला असतो, ना बेल वाजते ना नातेवाईक हाक मारतात. खऱ्या कामात हे क्षण एकमेकांत घुसतात.

मी काय करते सांगते. एकच काम घेते, आयव्ही म्हणजे शिरेतून अँटिबायोटिक देणं, आणि एका सिस्टरला रिकाम्या बेडपाशी ते करायला लावते, बाकीच्या बघतात. ती येते, हँडरब (हातांवर चोळायचं अल्कोहोलचं लिक्विड) करते, पेशंटचा आयडी बँड बघते, इथपर्यंत छान. मग मी म्हणते सलाइनचा पंप वाजतोय, ती बटण दाबते. मी म्हणते पेशंटला उशी वर हवीये, ती करते. रेलिंग खाली घेते. आणि मग त्याच हातांनी कॅन्युलाचं (शिरेत बसवलेल्या नळीचं) कॅप उघडायला जाते, तिथे थांबवायचं. आत्ता तुझ्या बोटांवर काय काय आहे सांग. हमखास उत्तर येतं, "पण मी आत्ताच केलं की हँडरब!" तिथे सगळ्यांची ट्यूब पेटते, कारण ती जे म्हणाली तेच प्रत्येकीच्या मनात असतं. दुसरा क्षण हा असाच हातातून निसटतो. बेडपॅन उचलला की कुणाला सांगावं लागत नाही, किळस वाटते म्हणून हात आपोआप नळाकडे जातात. कॅप उघडायच्या आधी हात स्वच्छच दिसतात, किळस कसली यायची. पण आपण लाइनमधून थेट रक्तात काहीतरी सोडणार असतो, पेशंटला धोका तिथेच जास्त.

नाइट_ड्यूटी
मी त्या दहापैकी दहावाल्या सिस्टरच्या बाजूने बोलणार आहे, कुणीतरी बोलायला पाहिजे. आमच्याकडे बेसिन वॉर्डाच्या एका टोकाला. साबण-पाण्याने नीट धुवायचं तर ४० ते ६० सेकंद, जायला यायला तेवढेच, म्हणजे एका वेळेचे दोन मिनिटं धरा. तासाला दहा वेळा गरज पडली तर वीस मिनिटं नळाशीच, मग पेशंट बघायचे कधी आणि नोंदी लिहायच्या कधी? हँडरब २० ते ३० सेकंदांत होतं, चालता चालता पण होतं, मान्य, पण बाटली कुठे असते तर दरवाजापाशी भिंतीवर, आणि ती तीनपैकी दोन वेळा रिकामी, नाहीतर पंप जॅम. मी बेड नंबर नऊपाशी दोन हातात दोन वस्तू घेऊन उभी असताना दरवाजापर्यंत जाणार आहे का, नाही जाणार. आधी प्रत्येक बेडला बाटली लावा, मग भाषणं. आणि हँडरब लावला की माझे हात अक्षरशः आग आग होतात, त्याचं काय ते पण सांगा.

मलाही_झालं_होतं
@नाइट_ड्यूटी आग होते म्हणजे कातडी आधीच फाटलेली आहे, हँडरबने फक्त ते दाखवून दिलं. मी वर्षभर हँडरबलाच शिव्या घालत होते. मग स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं की साबणाने धुतल्यावर लगेच वरून हँडरब पण लावतेस का? तर हो, लावत होते, डबल सेफ्टी म्हणून!! ते बंद केलं, दोन्हीपैकी एकच. हात गरम पाण्याने धुणं बंद केलं, ओल्या हातांवर ग्लोव्हज चढवणं बंद केलं, आणि ड्यूटी संपल्यावर क्रीम लावायला लागले. साबण कातडीतलं तेल काढून टाकतो, हँडरबमध्ये निदान ग्लिसरीन तरी असतं, त्यामुळे उलट साबणापेक्षा तोच सोसतो. हे कुठल्याच ट्रेनिंगमध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं, सगळे जंतूंचेच फोटो दाखवतात.

आता साबण कधी, तर हात दिसायला घाण झाले असतील तेव्हा, आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जंतूचे जुलाब असलेल्या पेशंटनंतर, कारण त्याचे स्पोअर (टणक बीजाणू) अल्कोहोलने मरत नाहीत, पाण्याने धुऊनच काढावे लागतात. एरवी हँडरब.

ब्रदर_आयसीयू
माझ्या अनुभवाने तो चमकणारा लोशन आणा, यूव्ही लाइटखाली दिसतो तो. लोशन हँडरबसारखा चोळायला लावायचा आणि मग लाइटखाली हात धरायचे, जिथे लागला नाही तिथे काळं दिसतं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा उजवा अंगठा आणि बोटांची टोकं कोरी होती आणि मी आठ वर्षं आयसीयूत होतो. अंगठी घालणाऱ्यांनी तर बघूच नये. लोकांना हे आवडतं, हसतखेळत होतं, फोटो काढतात.

जुनी_सिस्टर
@ब्रदर_आयसीयू खेळ म्हणून छान आहे, पण परत गाडी "कसे"वरच आली ना. नव्याचे नऊ दिवस, दहाव्या दिवशी अंगठा चमकतोय पण लाइन हाताळायच्या आधी हँडरब केलाच नाही.

ब्रदर_आयसीयू
अर्धं मान्य. पण कॅप आपण बोटांच्या टोकांनीच उघडतो ना? तुमच्या डेमोत ती थांबून हँडरब करेल, आणि टोकं कोरी राहिली तर काय उपयोग. दोन्ही जोडा, आधी तुमचा डेमो, मग त्याच सिस्टरचे हात लाइटखाली.

आणि @नवी_आयसीएन, तुम्ही फाइल घेऊन उभ्या राहिलात ना, पहिली पाच मिनिटं सोडून द्यायची. आपल्याला कुणी बघतंय कळलं की सगळे अचानक हात चोळायला लागतात, नंतर विसरतात आणि मग खरं दिसतं. मोजायचं सरळ: हात स्वच्छ करायला पाहिजे होते अशा वेळा किती आणि त्यातल्या किती वेळा केले, भागिले करून शंभरने गुणायचं. पण तो आकडा महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला तर काहीच होत नाही, सगळे म्हणणार आमच्या शिफ्टचा नसेल तो. त्याच दिवशी, शिफ्ट सुटायच्या आत सांगायचा, नाव न घेता, "आज कॅन्युलाच्या आधीचे इतके सुटले" एवढंच. जिनिव्हाच्या हॉस्पिटलात १९९४ ते १९९७ मध्ये असंच सगळं एकत्र केलं होतं, बेडपाशी हँडरब, पोस्टर, मोजणी आणि निकाल सांगणं. प्रमाण ४८ टक्क्यांवरून ६६ वर गेलं आणि हॉस्पिटलात लागणारे इन्फेक्शन १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर आले. बघा, एवढं करूनही ६६च. त्यामुळे एका सेशनने शंभर होत नाहीत म्हणून मनाला लावून घेऊ नका.

नाइट_ड्यूटी
त्या जिनिव्हावाल्या अभ्यासात नर्सेस सुधारल्या आणि डॉक्टर होते तिथेच राहिले, ते पण लिहा की 🙂

ब्रदर_आयसीयू
लिहिणारच होतो, तुम्ही आधी टाकलंत.

ग्लोव्हज_काढा
मूळ प्रश्नातल्या ग्लोव्हजबद्दल कुणीच बोललं नाही. ग्लोव्हज घातले की हात स्वच्छ आहेत असं आपल्याला वाटायला लागतं, प्रत्यक्षात आपण फक्त स्वतःचे हात झाकलेले असतात. मी ट्रेनिंगमध्ये ग्लोव्हजच्या बोटांवर निळी शाई लावते आणि म्हणते आता नेहमीचं काम करा, युरिन बॅग, मग चार्ट, मग पेन, मग शेजारचा बेड. पाच मिनिटांनी पेनावर निळं, रेलिंगवर निळं, एकदा एकीच्या स्वतःच्या कानावर निळं निघालं, फोन घेतला होता तिने. मग बोलावं लागत नाही. एक काम झालं की ग्लोव्हज काढायचे, कचऱ्यात, हँडरब. ग्लोव्हजवरून हँडरब चोळणं हा प्रकार पण बघितलाय मी, तो नको. काढताना मनगटाला लागतंच काहीतरी, शिवाय ग्लोव्हजला बारीक भोकं असू शकतात, म्हणून काढल्यावरही हात स्वच्छ करायचेच.

नवी_आयसीएन
सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी येऊन सांगतेय. @नाइट_ड्यूटी तुमची पोस्ट वाचून आधी बाटल्या मोजल्या. एका वॉर्डात बेडपाशी एकही नव्हती. शरमच वाटली, मी स्वतः त्याच वॉर्डात काम केलंय आणि कधी लक्षातच आलं नाही. बेडच्या पायथ्याला अडकवायच्या बाटल्यांची मागणी केलीये, अर्ध्या आल्यात, अर्ध्या "प्रोसेसमध्ये" आहेत. स्लाइड्स फेकून दिल्या. आता शिफ्ट बदलताना वॉर्डातच दहा मिनिटं घेते, एक दिवस अँटिबायोटिकचा डेमो, एक दिवस निळी शाई. पहिल्या दिवशी मीच करून दाखवत होते आणि मीच उशी सरळ करून तशीच कॅपकडे गेले, सगळ्या ओरडल्या. ठरवून केलं होतं असं सांगितलं. नव्हतं केलं.

आता एक शंका, काल एका सिस्टरने विचारली आणि मी अडकले. पेशंटला हातच लावला नाही, फक्त त्याच्या मॉनिटरचा अलार्म बंद केला आणि पुढच्या बेडकडे निघाले, तर हात करायचे का?

जुनी_सिस्टर
करायचे. पाचवा क्षण त्यासाठीच आहे, मॉनिटरचं बटण, रेलिंग, पंप हा सगळा त्या पेशंटचाच भाग धरायचा. अलार्म बंद केलात की निघतानाच बेडच्या पायथ्याची बाटली दाबायची, पुढच्या बेडपर्यंत हात वाळतात. तिथे पोचून परत करायची गरज नाही, एकात दोन्ही होतात, पाचवा पण आणि पुढच्या पेशंटचा पहिला पण, फक्त मधे कशाला हात लावायचा नाही. हे सांगितलंत तर निम्म्या जणी खूश होतील, त्यांना वाटत असतं दोनदा करावं लागतं. आणि हो, अर्ध्या बाटल्या आल्यात त्या आधी कोपऱ्यातल्या बेडना लावा, दरवाजापासून लांब असतात ते.