मदत हवी आहे: किट विमान – पंखाचा पत्रा आणि रिबची भोकं जुळत नाहीत

अर्धा पंख

नमस्कार मंडळी,

दोन आसनी, पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं विमान किटमधून बांधतोय. शेपटाचं काम बिनबोभाट पार पडलं, त्यामुळे जरा हवेत होतो. डाव्या पंखाने जमिनीवर आणलं.

सांगाडा उभा आहे: मेन स्पार आणि मागचा स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या दोन तुळया), मध्ये आठ रिब (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या). वरचा पत्रा साधारण २.४ मीटर लांब. भोकं कारखान्यातूनच पाडून आलेली, म्हणजे पत्रा ठेवायचा, क्लेको (भोकांतून पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या खिळी) लावत जायचं, की झालं. मी पंखाच्या मुळाकडून, म्हणजे तो धडाला जोडतो त्या टोकाकडून, सुरुवात केली. पहिल्या तीन रिबना क्लेको टपाटप बसले. चौथीला जरा दाबावं लागलं. सहावीपासून भोकात डोकावलं की खालच्या रिबच्या फ्लँजची (वळवलेल्या कडेची) चकचकीत चंद्रकोर ठळक दिसते. आठवीला तर भोकाचा तिसरा हिस्सा तिनेच झाकलाय. क्लेको जातच नाही, जबरदस्ती केली तर तिरका होतो.

काल रात्री करून पाहिलं तेव्हा जरा बरं वाटलं होतं, आज दुपारी पुन्हा तेच. बहुतेक माझ्या मनाचे खेळ.

आता प्रश्न. ४० नंबरचा (सुमारे २.५ मिलिमीटरचा) ड्रिल घालून सरळ आरपार मारून घेऊ का? अर्ध्या मिलिमीटरचाच तर मामला आहे.

खुर्चीतला वैमानिक

मारून टाका हो. रिव्हेट ठोकल्यावर कोण बघतंय आत!

जुनी पक्कड

वरचा सल्ला मानू नका. ड्रिल खाली ठेवा, शक्यतो दुसऱ्या खोलीत.

न जुळणाऱ्या भोकांतून बिट घातलं की भोक मोठं होत नाही, लांबट होतं, इंग्रजी आठासारखं. रिव्हेट ठोकताना तिची दांडी फुगते आणि भोक भरून काढते. गोल भोक ती नीट भरते, लांबट भोकात मोकळ्या बाजूला ढळते आणि मागचं डोकं तिरकं बसतं. शिवाय आज जी चूक भोकात दिसतेय ती पुसली जाईल आणि कारण आतच राहील. पंखात पीळ असेल आणि तुम्ही भोकं ओरबाडून पत्रा बसवलात, तर तो पीळ कायमचा रिव्हेट झाला म्हणून समजा. मग सरळ उडताना विमान सारखं एका बाजूला कलणार.

मला एवढंच सांगा: चंद्रकोर कुठल्या बाजूला आहे? पंखाच्या टोकाकडे, मुळाकडे, पुढे की मागे? प्रत्येक रिबचं वेगळं सांगा. निम्मं निदान तिथेच होतं.

ओळंबा

+१. पिळाचा संशय आधी मिटवून टाका. पंखाची पुढची कड खाली करून सांगाडा स्टँडवर असेल, तर वरच्या मागच्या स्पारवरून दोन्ही टोकांना एकेक ओळंबा सोडा आणि दोरीपासून खालच्या मेन स्पारपर्यंतचं अंतर मोजा. पंखाला मुद्दाम दिलेला पीळ नसेल तर दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा. मोजताना पंखा बंद ठेवा. हसू नका, मी अर्धा दिवस घालवलाय झुलणाऱ्या दोरीमागे.

अर्धा पंख

ओळंबे सोडले. दोन्हीकडचं अंतर मिलिमीटरच्या आत सारखं. पीळ नाही, हुश्श.

चंद्रकोरी: चार, पाच, सहा आणि आठ या रिबना टोकाच्या बाजूला, आणि टोकाकडे जावं तशी जाडी वाढत जाते. सातवी मात्र फटकून वागतेय. तिला टोकाकडे आहेच, शिवाय मागच्या बाजूलाही आहे, आणि स्पारपासून जितकं मागे जावं तितकी ती मागची कोर वाढते.

जुनी पक्कड

म्हणजे दोन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत.

सातवी आधी. रिबची वळवलेली कड, म्हणजे फ्लँज, दाबून बनवताना तिच्यात लांबी जास्त उरते आणि रिब केळ्यासारखी वाकते. ती सरळ करायला आपण भोकांच्या मध्ये पकडीने लहान लहान चुण्या पाडतो. चुणी कमी पडली तर रिब वाकडी राहते. जास्त पडली तर फ्लँज आखडते, भोकं एकमेकांजवळ सरकतात आणि पत्र्याची भोकं त्यांच्यापेक्षा मागच्या बाजूला पडत जातात. तुमची मागची कोर वाढत जातेय, म्हणजे सातवीला तुम्ही हौसेने जास्त चिमटलंय. क्लेको काढा, सपाट जबड्याच्या पकडीने प्रत्येक चुणी अगदी किंचित दाबा, रिब टेबलावर पालथी घालून भोकांच्या रांगेला पट्टी लावून बघा. एका दमात सगळ्या चुण्या सपाट करू नका. फ्लँज रिबच्या सपाट पोटाशी काटकोनात आहे का तेही गुण्या लावून बघा, कारखान्यातून ती बहुतेकदा थोडी उघडी येते.

टोकाकडच्या कोरीचं मात्र कोडंच आहे. पत्रा आणि सांगाडा एकाच किटचे, रिब जागेवर, पीळ नाही, तरी पत्रा लांब पडतोय?

गणिती किडा

कोडं नाही. धागाकर्त्याने उत्तर पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय आणि स्वतःच खोडलंय: "काल रात्री बरं वाटलं होतं."

अ‍ॅल्युमिनियम दर अंश सेल्सियसला मीटरमागे सुमारे ०.०२३ मिलिमीटर वाढतं. २.४ मीटरचा पत्रा सांगाड्यापेक्षा १५ अंशांनी गरम असेल तर ०.०२३ × २.४ × १५ = ०.८३ मिलिमीटर. तुमचं भोक सुमारे २.५ मिलिमीटरचं. आठव्या रिबला तिसरा हिस्सा झाकलाय म्हणालात ना?

आता सांगा, दुपारी त्या पत्र्यावर ऊन येतं का? आत्ताच एक तळहात पत्र्यावर आणि दुसरा स्पारवर ठेवून बघा.

अर्धा पंख

गॅरेजचं दार पश्चिमेला. उजेड हवा म्हणून सताड उघडं ठेवतो. पत्रा तव्यासारखा आणि स्पार गारढोण. मला माझीच लाज वाटतेय.

जुनी पक्कड

लाज कसली, मलाही हे सुचलं नव्हतं. किडेभाऊ, मानलं.

आता असं करा. दार बंद, सगळं सामान रात्रभर एका तापमानाला येऊ द्या. पत्रा लावताना एका टोकाकडून सुरू करू नका, तिथेच सगळी चूक साठत जाऊन शेवटच्या रिबवर येते. मधल्या रिबपासून दोन्हीकडे जा. आधी दर चौथ्या-पाचव्या भोकात एक क्लेको, पत्रा अंगासरशी बसला की मग मधली भरा. एखादं भोक हट्ट करत असेल तर आजूबाजूचे चार क्लेको काढा, हट्ट बहुधा शेजाऱ्याचा असतो.

अर्धा पंख

आज पहाटे केलं. मधून सुरुवात, दर पाचवं भोक. आठवीपर्यंत क्लेको बोटाने धरून आत गेले. सातवीच्या चुण्या तीनदा दाबाव्या लागल्या, पण तीही आली.

आता कबुलीजबाब. पहिली पोस्ट टाकण्याआधीच मी सातवीच्या एका भोकात ड्रिल घातला होता. ते आठासारखं झालंय, पत्रा आणि फ्लँज दोन्हीत. फ्लँजच्या जवळच्या काठापासून मध्यापर्यंत ७ मिलिमीटर. पत्र्याची कड तिथून खूप लांब आहे.

जुनी पक्कड

वाटलंच होतं. "मारून घेऊ का" असं विचारणाऱ्याने निदान एक तरी मारलेलं असतं.

मूळ रिव्हेट ३/३२ इंचाची. एक माप वर जाऊन १/८ ची घातली तर भोक ३० नंबरच्या ड्रिलचं होईल आणि आठाचे दोन्ही गोल त्यात गिळले जातात का ते आधी बघा. भोकाच्या मध्यापासून काठापर्यंत निदान रिव्हेटच्या व्यासाच्या दुप्पट अंतर लागतं, म्हणजे १/८ ला ६.४ मिलिमीटर. तुमच्याकडे ७ आहे, बसतंय, पण नवीन भोक पाडताना काठाकडे सरकू देऊ नका. दांडी १/८ ची पण डोकं ३/३२ इतकंच लहान असलेल्या दुरुस्तीच्या रिव्हेटही मिळतात, एनएएस १०९७ या मानक क्रमांकाने मागा, म्हणजे बाहेरून रांगेत वेगळी दिसणार नाही. काहीही करण्याआधी फोटो आणि मापं किट कंपनीला पाठवा, आणि त्यांचं उत्तर बांधणीच्या नोंदवहीत चिकटवा.

अर्धा पंख

कंपनीचं उत्तर आलं: एकच भोक असेल तर वरच्या मापाची रिव्हेट चालेल. मागवली आहे. तोवर उजव्या पंखाच्या रिब काढल्यात चुण्या पाडायला. दार बंद आहे.