कस्टम केकचा भाव: किलोने सांगायचा की तासाने?

सी-२०३
आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर केक करणाऱ्या सगळ्यांना विचारतेय. खाली ८ इंच, वर ६ इंच असा दोन मजली फॉन्डंट (लाटून चढवायचं साखरेचं आवरण) केक, वर बसलेली एक आकृती आणि साखरेची १० फुलं, अशी मागणी आली आहे. किलोने भाव सांगितला तर सजावट फुकट जाते. अंदाजे वाढवून सांगितला तर "एवढे कशाचे?" याला उत्तर नसतं. हिशेब सुरू कुठून करायचा?

ए-७०१
किलोपासून सुरू करूच नकोस. वजनाचं माप साध्या केकला चालतं, सजावटीच्या केकला ते दोन्ही बाजूंनी खोटं पडतं. ४ इंच उंचीचा ८ इंची गोल केक झाकायला साधारण ७०० ग्रॅम फॉन्डंट लाटावा लागतो, ६ इंचीला ५०० ग्रॅम. कडा कापल्यावर त्यातला काही परत येतो, तरी आवरणाचं वजन बरंच राहतं आणि ग्राहक त्याचे पैसे केकच्या दराने देतो. उलट साखरेचं फूल वजनाला काहीच नाही, पण त्यामागचा वेळ वजनकाट्यावर दिसत नाही.

आकार ठरवायचा तो माणसं मोजून. ४ इंच उंच केकचा १ × २ इंचाचा तुकडा धरलास तर ६ इंची केकमधून १२ आणि ८ इंचीतून २४ तुकडे निघतात. दीड × २ इंचाचा भरपूर तुकडा द्यायचा असेल तर साधारण ८ आणि १६ धर. ग्राहकाला पहिला प्रश्न हाच विचार: किती जण खाणार आणि तुकडा केवढा?

बी-१०४
ताई म्हणतात ते बरोबर. त्यात एक गणित जोडतो, कारण बहुतेक दरपत्रकं इथेच चुकलेली दिसतात. ६ वरून ८ इंच म्हणजे "२ इंचच तर वाढले" असं वाटतं. पण त्रिज्येचा वर्ग करा: ३ × ३ = ९, ४ × ४ = १६. उंची तीच असेल तर ८ इंची केकला पावणेदोन पट साहित्य लागतं आणि १० इंचीला पावणेतीन पट. इंचामागे ठरावीक रक्कम वाढवणारीचं मोठ्या केकवर हमखास नुकसान होतं.

मजुरी मात्र या प्रमाणात वाढत नाही. केकचा घोळ (भाजण्याआधीचं मिश्रण) दुप्पट असला तरी फेटायला दुप्पट वेळ लागत नाही. म्हणून साहित्य आणि वेळ हे दोन रकाने शेवटपर्यंत वेगळे ठेवायचे. एकात मिसळले की पुढचं सगळं अंदाजपंचे.

सी-२०३
साहित्याचा रकाना कसा भरायचा काका? पाकिटं अर्धवट वापरलेली असतात, बाटल्या महिनोन्‌महिने पुरतात.

बी-१०४
पाकिटाची किंमत भागिले निव्वळ वजन, म्हणजे एका ग्रॅमचा भाव. त्याला वापरलेल्या ग्रॅमने गुणायचं. सगळी यादी ग्रॅमात लिही, कप-चमच्यात नको. अंडं कवच काढून साधारण ५० ग्रॅम धर. कच्च्या मालाचे भाव बदलले की फक्त एका ग्रॅमचा आकडा बदलायचा, बाकी तक्ता तसाच राहतो.

ए-७०१
आणि घट धर, ती सगळ्याजणी विसरतात. भाजताना घोळाचं साधारण १०% वजन पाण्याच्या वाफेने जातं. वरचा फुगवटा कापून केक सपाट केला की आणखी तेवढंच जातं. म्हणजे १ किलो घोळातून हाती येतो तो साधारण ८०० ग्रॅम स्पंज. बटरक्रीम (लोणी-साखरेचं क्रीम) भांड्याला, पायपिंग बॅगेला आणि नोझलला चिकटून राहतं. तीन रंग मागितले तर तीन बॅगा, तिप्पट चिकटा. क्रीमवर १०% जास्त धरलंस तर बरोबर येतं.

फॉन्डंटच्या ऑर्डरमध्ये आणखी एक खर्च लपलेला असतो. फॉन्डंटखाली व्हिप्ड क्रीम टिकत नाही. त्यातलं पाणी साखरेला लागतं, फॉन्डंट मऊ होऊन घसरतो आणि बाजूला फुगवटे येतात. म्हणून आतलं आवरण बटरक्रीमचं नाहीतर गनाशचं (चॉकलेट आणि क्रीमच्या मिश्रणाचं) हवं. गनाशमध्ये डार्क चॉकलेटला क्रीमचं प्रमाण २:१, व्हाइट चॉकलेटला ३:१. व्हाइट चॉकलेटमध्ये कोकोचा घट्ट भाग नसतो, प्रमाण कमी केलं तर ते सेट होत नाही. "फॉन्डंटचे एवढे वेगळे पैसे का?" असं ग्राहकाने विचारलं तर हा आतला थर समजावून सांग.

गडद रंगाचेही वेगळे पैसे लाव. काळा किंवा गडद लाल रंग पांढऱ्या बटरक्रीमवर ओतत गेलं तर बाटली रिकामी होते आणि चव कडवट होते. काळा हवा तर चॉकलेट बटरक्रीमपासून सुरुवात कर, आणि रंग अगोदरच्या रात्री मिसळून ठेव. ठेवल्यावर तो आपोआप गडद होतो.

सी-२०३
एखादा विशिष्ट साचा किंवा कटर या ऑर्डरसाठीच घ्यावा लागला तर? पूर्ण किंमत त्यांच्यावर लावायची?

बी-१०४
एकच कसोटी: पुन्हा वापरात येणार का? पानं-फुलांचा कटर येणार, मग त्याची किंमत पुढच्या अनेक केकवर वाटायची. एखाद्या चिन्हाचा साचा पुन्हा लागणारच नसेल तर पूर्ण लावायचा, पण ऑर्डर घेण्याआधी सांगून. "हेच हाताने कापून केलं तर अमुक वेळ, साचा घेतला तर अमुक खर्च" असे दोन्ही पर्याय द्यावेत.

मिक्सर, ओव्हन, टर्नटेबल यांची किंमत त्यांच्या अपेक्षित आयुष्यातल्या तासांवर वाटायची. त्यातच वीज, पाणी, परवान्याचा खर्च, बटरपेपर, हातमोजे. सगळ्याची महिन्याची बेरीज भागिले महिन्यातले कामाचे तास. म्हणजे दर तासाला एक सामायिक खर्चाचा आकडा मिळतो. विजेचा अंदाज नसेल तर मीटर भाजणीआधी आणि नंतर वाच. २००० वॉटचा ओव्हन सलग तापला तर तासाला २ युनिट घेईल, पण थर्मोस्टॅट चालू-बंद होत असल्याने प्रत्यक्षात कमी लागतात.

डी-५०२
मी फक्त खाणारी, पण वाचतेय बरं का. वेळेचं कसं धरता? तो तर कुणालाच दिसत नाही.

ए-७०१
वहिनी, खरा प्रश्न तोच आहे. काम सुट्या भागांत मोडून लिहायचं. सरावाच्या हाताला या केकसाठी साधारण असं लागेल:

बोलणं, रेखाटन, खरेदी: १ तास
वजनं, घोळ, भाजणीची तयारी: १ तास
थर लावणं, क्रम्ब कोट (भुगा धरून ठेवणारा पातळ थर), गनाश: दीड तास
दोन्ही मजल्यांवर फॉन्डंट: दीड तास
आकृती: २ तास
१० फुलं, प्रत्येकी २० मिनिटं: ३ तास २० मिनिटं
डॉवेल (वरच्या मजल्याला आधार देणाऱ्या काठ्या), बोर्ड, जोडणी: पाऊण तास
भांडी, ओटा, पॅकिंग: १ तास

झाले साधारण १२ तास. यात ओव्हनमधली ४० मिनिटं किंवा फुलं वाळण्याची रात्र धरलेली नाही. हात लागतो तोच वेळ मोजायचा. मात्र भांडी आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं नक्की मोजायचं. ते सोडलं तर या केकवर दोन तासांची मजुरी गेली.

आता यातली न्यायाची बाजू, सी-२०३, नीट लक्षात घे. हात नवा असताना एका फुलाला तास लागतो. भाव तरीही २० मिनिटांचाच लाव, शिकण्याचा वेळ ग्राहकाच्या माथी मारायचा नाही. हात बसल्यावर तेच फूल १२ मिनिटांत झालं तरी भाव २० मिनिटांचाच ठेव, कारण तो वेग तू कमावलेला आहेस. प्रत्येक सजावटीला असा एक ठरलेला वेळ लिहून ठेवलास की दोन ग्राहकांना दोन भाव कधीच जात नाहीत.

फुलं मोडतात, म्हणून १० मागितली तर १२ कर आणि १२ चा वेळ धर. वरच्या यादीत तो धरलेला नाही, तुझ्या तक्त्यात घाल. आकृतीच्या फॉन्डंटमध्ये २५० ग्रॅमला साधारण १ छोटा चमचा सीएमसी पावडर (फॉन्डंटला घट्टपणा देणारी) मळ आणि आकृती दोन-तीन दिवस आधी कर. आयत्या वेळची आकृती आपल्याच वजनाने बसते, मग दुरुस्तीचा वेळ कोणत्याच रकान्यात नसतो.

बी-१०४
आता बेरीज. रकमा प्रत्येकीच्या वेगळ्या, म्हणून भागांत सांगतो. साहित्य १०० भाग. बोर्ड, डॉवेल, खोका मिळून २० भाग. मजुरी तासाला ३० भाग, १२ तासांचे ३६०. सामायिक खर्च तासाला ४ भाग, म्हणजे ४८. एकूण ५२८.

नफा १५% हवा असेल तर ५२८ मध्ये १५% मिळवू नका. ५२८ भागिले ०.८५ करा, येतात ६२१. फरक असा: खर्चात १५% मिळवले की विक्रीच्या किमतीतला नफा १३% च पडतो. ३०% ला ही तफावत आणखी वाढते. १०० च्या खर्चाला एका पद्धतीने १३०, दुसऱ्या पद्धतीने १४३.

आणि तो "साहित्याच्या तिप्पट" वाला नियम सोडून द्या. तिप्पट म्हणजे ३००. त्यातून साहित्य, खोका, सामायिक खर्च मिळून १६८ गेले की १३२ उरतात, १२ तासांना. तासाला ११ भाग, ठरवलेल्या मजुरीच्या साधारण एक तृतीयांश, आणि नफा शून्य. तेवढ्याच साहित्याचा ३ तासांचा साधा केक घ्या: १०० + २० + ९० + १२ = २२२, नफ्यासह २६१. तिथे तिप्पटीचा नियम ३०० मागतो. म्हणजे साधा केक घेणारा सजावटवाल्याचे पैसे भरतो आणि तरीही करणारी तोट्यात. माझ्या मते हा नियम सर्वांत अन्यायकारक आहे.

डी-५०२
हे असं फोडून सांगितलं तर आम्हालाही पटतं. नुसता मोठा आकडा आला की वाटतं काहीही सांगतायत. पण खर्च कमी करायचा असेल तर आम्ही काय सोडायचं?

ए-७०१
जिथे तास आहेत ते सोडा. १० ऐवजी ४ फुलं घेतली तर २ तास कमी. आकृतीऐवजी खाण्याजोग्या कागदावरचा छापील टॉपर घेतला तर जवळपास २ तास कमी. पूर्ण फॉन्डंटऐवजी बटरक्रीम आणि त्यावर फॉन्डंटचे थोडे तुकडे ठेवले तर साहित्य आणि वेळ दोन्ही वाचतात.

वरचा मजला थर्माकोलचा केला तर स्वस्त पडेल, असं पुष्कळांना वाटतं. त्यात वाचतो तो फक्त स्पंज आणि आतलं क्रीम. फॉन्डंट, फुलं, जोडणी तशीच राहते. पाहुणे खूप असतील तर सजवलेला केक लहान ठेवा आणि आतल्या ओट्यावर कापायला त्याच चवीचा साधा चौकोनी केक घ्या. चव तीच, खर्च बराच कमी.

सी-२०३
शेजारचेच लोक मागतात तेव्हा सवलत किती द्यायची ताई? नाही म्हणणं जड जातं.

ए-३०२
पोरी, सवलत द्यायची ती फक्त नफ्याच्या हिश्शातून. तिथे १५% आहेत, म्हणजे ५ किंवा १० देता येतात. मजुरीला हात लावायचा नाही. बिलावर आधी पूर्ण किंमत लिही, खाली सवलत वेगळ्या ओळीत. नाहीतर सवलतीचा भाव हाच तुझा भाव म्हणून सगळ्या विंगमध्ये फिरतो. आणि "फक्त सामानाचे पैसे घे" याला प्रेमाने नाही म्हणायचं. भेट द्यायची तर पूर्ण भेट दे, अर्धवट भावाने कुणाचंच समाधान होत नाही.

ए-७०१
काकू अगदी बरोबर. ॲडव्हान्स निम्मा घे, तो मिळाल्यावरच तारीख पक्की. रंग, आकृती, मजले बदलायची शेवटची तारीख लिहून दे. त्यानंतरच्या बदलाला त्या भागाचा ठरलेला वेळ लागू. तातडीच्या ऑर्डरचे पैसे वेगळे. पोहोचवण्याचा वेळही मजुरीतच, दोन्ही बाजूंचा.

पोहोचवताना केक खचला तर तो भाव तुझ्या खिशातून जातो, म्हणून जोडणीचा पाऊण तास कधी कापू नकोस. वरच्या बोर्डच्या घेराच्या आत ४-५ डॉवेल, सगळे एका मापाचे, खालच्या केकच्या पृष्ठभागाशी सपाट. एक जरी आखूड राहिला तर वरचा मजला त्या बाजूला कलतो. आणि ग्राहकाला लेखी सूचना दे: फॉन्डंटचा केक फ्रीजमधून काढल्यावर बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत खोका उघडायचा नाही. उघडला की पृष्ठभागावर पाणी धरतं, बोट लागलं की डाग राहतो.

डी-५०२
शेवटचं विचारते, ती साखरेची फुलं लहान मुलांना खायला द्यायची का?

ए-७०१
वहिनी, तार नसलेली असतील तर खाता येतात, पण कडक असतात. तार असलेली द्यायची नाहीत. करणारीनेही तार थेट केकमध्ये खुपसायची नाही, खाद्यपदार्थांसाठीच्या नळीत बसवून मग लावायची आणि कापण्याआधी काढायला सांगायचं. चमकीच्या डबीवर फक्त "विषारी नाही" लिहिलेलं असेल तर ती खाण्याची चमकी नव्हे, "खाण्यायोग्य" असं लिहिलेलीच वापरायची. सी-२०३, कोटेशनमध्ये सगळ्यात खाली एक ओळ घाल: "तार, डॉवेल, बोर्ड खाण्याजोगे नाहीत, कापण्याआधी काढावेत," आणि पोचपावतीवर त्याच ओळीखाली सही घे.