'कडक' म्हणजे नेमकं काय? घरी बिअर आणि दारू चाखताना लागणारे मराठी शब्द

चौथी सीट:
घरी चार जणांनी मिळून निरनिराळ्या बिअर आणि दारूचे प्रकार थोडे थोडे चाखायचे आणि प्रत्येकाची चव मराठीत टिपून ठेवायची, असा बेत आहे. अडतंय ते शब्दांपाशी. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर 'कडक', हॉप्स, म्हणजे बिअरला कडूपणा देणारी फुलं, ठासून भरलेली आयपीए जातीची बिअर 'कडक', पाणी न घालता घेतलेली रम 'कडक', आणि टपरीवरचा चहा तर कडकच. मग लिहायचं काय? चाखायची रीतही सांगा, प्रमाणासकट.

शब्दखूळ:
आधी क्रियापद. 'चव घेणे' चालेल, पण नुसतं 'घेणे' जपून वापरा. "तुम्ही घेता का?" या वाक्यात कर्म नसतं आणि ते कुणी विचारतही नाही. 'बसणे'चंही तसंच. "शनिवारी बसू या" म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. तुम्हाला हवं ते 'चाखणे': घोट लहान आणि लक्ष चवीकडे.

आता 'कडक'. कडक भाकरी, कडक इस्त्री, कडक ऊन, कडक शिस्त. यातल्या एकाही ठिकाणी 'कडक' ही चव नाही, ती तीव्रता आहे. कशाची तीव्रता ते शेजारच्या शब्दावरून कळतं. दारूच्या बाबतीत शेजारचा शब्दच आपण गाळतो, म्हणून घोळ होतो. तीन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतील: अल्कोहोलचा टक्का, कडूपणा आणि झोंबणं. टक्का आकड्यातच लिहा, तिथे विशेषण नकोच. कडू ते कडू. आणि घशाला, नाकाला जे होतं त्याला 'झोंबणे' यापेक्षा नेमका शब्द नाही. मिरचीही झोंबते, पण मिरची तिखट आणि झोंबरी दोन्ही असते. दारू तिखट नसते, नुसती झोंबते.

हार्बर लाइन:
हे तीन धागे वेगळे असतात हे आकड्यांतही दिसतं. आपल्याकडे ५ टक्क्यांपर्यंतची बिअर माइल्ड आणि ५ ते ८ टक्क्यांची स्ट्राँग. स्ट्राँगमध्ये टक्का वाढवायला जवाच्या जोडीला साखर किंवा तांदूळ, मका वापरतात आणि हॉप्स बेताचेच घालतात. त्यामुळे बहुतेक स्ट्राँग बिअर कडू नसतात, उलट गुळमट लागतात. कडूपणा मोजायचं एकक आयबीयू. साध्या लागरचा, म्हणजे नेहमीच्या फिकट, हलक्या बिअरचा आकडा १० ते २०च्या आसपास, आयपीएचा ४० ते ७०. म्हणजे ६ टक्क्यांची आयपीए ८ टक्क्यांच्या स्ट्राँगपेक्षा कितीतरी कडू, आणि तरीही चढायला कमी.

चढण्याचा हिशोब गुणाकाराचा आहे. ४२.८ टक्क्यांच्या ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये शुद्ध अल्कोहोल साधारण १३ मिली. ३३० मिलीच्या ५ टक्क्यांच्या बिअरमध्ये साडेसोळा. ८ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत ५२, म्हणजे चार छोटे पेग. "मी काय, बिअरच घेतो" म्हणणाऱ्यासमोर हा हिशोब ठेवून बघा.

चाखताना चार बिअर पुरे. प्रत्येकी ६० मिली म्हणजे एकूण २४० मिली, ३३०च्या एका बाटलीत चार जणांचं भागतं आणि वर दुसऱ्या घोटाला थोडी उरते. क्रम टक्क्यावर लावू नका, चवीच्या जोरावर लावा: लागर, मग गव्हाची, मग आयपीए, शेवटी स्टाऊट, म्हणजे काळी, करपट चवीची बिअर. आयपीए आधी घेतली की तिचा कडूपणा जिभेवर बसतो आणि पुढची लागर पाणचट वाटते, वाटते म्हणजे होत नाही.

तापमान मुंबईत सगळ्यात जास्त बिघडतं. फ्रिजमध्ये ४ अंशांवरची बिअर जिभेला बधिर करते, वासही उठत नाही. लागर ५ ते ७, गव्हाची ७ ते ९, स्टाऊट १० ते १३ अंशांवर बरी. स्टाऊट पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा, लागर ओतायच्या क्षणी. ग्लास फ्रीझरमध्ये ठेवायचा मोह टाळा. दमट हवेत आतून बर्फाचा पापुद्रा धरतो, त्यावर फेस वेडावाकडा उसळतो आणि वितळलेलं पाणी बिअरमध्ये जातं.

ग्लास भांड्यांच्या साबणाने धुतला तर तीन-चार पाण्यांनी खळबळून उपडा घाला, फडक्याने पुसू नका. फडक्याचा तेलकटपणा फेस मारतो. तपासायचं असेल तर ओला ग्लास तिरपा धरा. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर स्वच्छ, थेंब थेंब होऊन अडलं तर तेल आहे. ओतताना ग्लास ४५ अंशांत, निम्मा भरल्यावर सरळ, वर दोन बोटं फेस. फेस टाकून द्यायची गोष्ट नाही, वास तिथूनच येतो.

आणि दुकानदार ज्या वर्तमानपत्रात बाटली गुंडाळून देतो तो कागद काढू नका. वर १, २, ३, ४ लिहा. लेबल दिसलं की चव ठरून जाते.

चौथी सीट:
चकणा?

हार्बर लाइन:
मसाला पापड, लसूणशेव, खारे दाणे, तिघांनाही सुट्टी. मीठ कडूपणा दाबतं आणि लसूण पुढचा अर्धा तास जात नाही. बिनमिठाचे कुरमुरे किंवा कोरा पाव, आणि साधं, फ्रिजमधलं नसलेलं पाणी. चकणा हवाच तर सगळ्या बिअर चाखून झाल्यावर.

शब्दखूळ:
वासाच्या बाबतीत मराठी श्रीमंत आहे आणि आपण ते वापरत नाही. इंग्रजी पुस्तकातली चवीची यादी समोर ठेवून भाषांतर करत बसू नका. उदाहरणार्थ उन्हात राहून बिघडलेल्या बिअरला तिकडे स्कंक नावाच्या प्राण्याची उपमा देतात. तो प्राणी आपल्याकडे नाही, त्यामुळे उपमा फुकट. 'दर्प' म्हणा. दर्प म्हणजे नको असताना नाकात घुसणारा वास, एवढं त्या शब्दातच आहे. त्याखेरीज आंबूस, खवट, कुबट, करपट, धुरकट, खमंग, हिरवट. '-ट' आणि '-ऊस' लावून मराठी माणूस कसलाही वास पकडतो. अंगाला पाणचट, मिळमिळीत, भरीव, दाट. आणि गिळल्यावर चव 'रेंगाळते' किंवा 'तुटते'.

हार्बर लाइन:
यातले निम्मे शब्द थेट दोषांना लागू पडतात. उन्हाचा दर्प म्हणजे जळक्या रबरासारखा, किंचित लसणीचा. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर प्रकाश पडला की गंधकयुक्त रेणू तयार होतो. तपकिरी काच तो प्रकाश बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाही. म्हणून दुकानाच्या दर्शनी फळीवर उन्हात उभी असलेली हिरवी बाटली घेऊ नका, आतल्या खोक्यातली मागा, किंवा सरळ कॅन घ्या.

ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली बिअर. उष्णतेत हे फार लवकर होतं, तेव्हा भरल्याची तारीख वाचा. लोण्याचा, बटर पॉपकॉर्नचा वास आला तर बहुधा यीस्टला काम पुरं करू दिलेलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास बहुतेकदा माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचं पाणी जोमाने न उकळल्याचा. हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर कोवळी असतानाच भरली. गव्हाच्या जर्मन धाटणीच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो तो मात्र दोष नाही. तिच्या यीस्टची ती ओळखच आहे, त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते.

शब्दखूळ:
'जव' की 'सातू' हाही वाद मिटवू. मराठीत सातू म्हणजे जवही आणि त्याचं भाजून केलेलं पीठही. हिंदीतला सत्तू बहुधा हरभऱ्याचा, त्याच्याशी गल्लत नको. 'माल्ट'ला मुद्दाम प्रतिशब्द घडवू नका, पण समजावताना नाचणी सत्त्वाचा दाखला द्या: धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवून भाजायचं. तेच जवाचं केलं की माल्ट.

रमच्या वर्णनात 'काकवी' बरोबर, कृतीत चूक. वास काकवीचा, पण बहुतेक रम बनते 'मळी'पासून, म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरणाऱ्या काळ्या रसापासून. काकवी पोळीबरोबर खातात, मळी कुणी खात नाही. जिनमधलं जुनिपर म्हणजे आयुर्वेदातली 'हपुषा'. टकिला ज्या कुळातल्या झाडापासून होते ते आपल्याकडे 'घायपात', रेल्वेरुळांच्या कडेने उगवलेलं कैकांनी पाहिलेलं असेल, फक्त टकिलाचं ते निळसर जातीचं. आणि पीटवर, म्हणजे दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या जळणावर, सुकवलेल्या जवाच्या व्हिस्कीला 'धुरकट' एवढंच पुरत नाही. 'दवाखान्याचा वास' लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

वसईचा वारा:
फक्त बाटलीतलंच चाखणार का? ताडाची ती ताडी, माडाची ती माडी, शिंदीच्या झाडाची ती शिंदी. इंग्रजीतलं 'टॉडी' आपल्या ताडीवरूनच गेलं. पहाटेचा न आंबलेला रस तो नीरा. उन्हं चढली की आंबायला लागते, संध्याकाळी तिला आंबूस वास येतो आणि दुसऱ्या दिवशी शिरक्याकडे झुकते. तेव्हा घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायचा बेत फसतो, आणि बाटलीचं बूच घट्ट लावलंत तर बाटली फुटू शकते.

काजूच्या बोंडांची पहिल्या ऊर्ध्वपातनाची ती उर्राक, साधारण १५ टक्क्यांची. पुन्हा गाळली की फेणी, ४२ टक्क्यांच्या पुढे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींचा वास एकाच घरातला, पण उर्राक फळासारखी आणि फेणी उग्र. शेजारी ठेवून चाखा.

आमच्या भागात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळ ख्रिस्ती घरांत लग्नकार्याला खिमाड असतं. अर्धा लिटर पाण्यात गवती चहाची चार-पाच पाती, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, चार चमचे साखर, दहा मिनिटं मंद उकळवायचं. गॅस बंद करायचा, भांडं ओट्यापासून दूर न्यायचं आणि मगच दारू घालायची, एवढ्याला १२० मिली. शेगडीवर असताना घातली तर वाफ पेट घेते. ९ टक्क्यांच्या आसपास ताकद बसते. गरम असल्यामुळे नाकाला जास्त झोंबतं, म्हणून लहान पेल्यात देतात.

चौथी सीट:
आणि 'पहिल्या धारेची'? ती उत्तम समजायची ना?

हार्बर लाइन:
वाक्प्रचारात उत्तम, भट्टीवर उलटं. ऊर्ध्वपातनात सुरुवातीला येणाऱ्या धारेत नको असलेले हलके, उग्र घटक जास्त असतात, म्हणून जाणकार ती धार टाकून देतो आणि मधली ठेवतो. घरी हे करायचं नाही, तो गुन्हा आहे. हातभट्टीची चाखायला म्हणूनही आणू नका. तिच्यात असू शकणारं मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल चवीवरून, वासावरून किंवा जाळून ज्योतीच्या रंगावरून घरी खात्रीने ओळखता येत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पिऊन काही तासांनी नजर धूसर झाली तर उतारा शोधत बसू नका, थेट रुग्णालय.

शब्दखूळ:
'दारू' शब्दावर एक जोड. फारसीत दारू म्हणजे औषध, आणि 'दवादारू'त तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत तिनं दुसरं रूपही घेतलं: दारूगोळा, शोभेची दारू. गंमत म्हणजे जुन्या इंग्लंडात मद्याची ताकद तपासायला बंदुकीची दारू त्यात भिजवून पेटवत. पेटली तर मद्य 'प्रूफ'. मराठीत सांगायचं तर दारूत दारू भिजवून बघायची. आपल्या बाटल्यांवरचा ४२.८ हा विचित्र आकडा तिथूनच आला. ५७.१ टक्के म्हणजे शंभर प्रूफ, त्याच्या पंचवीस अंश खाली, म्हणजे तीन चतुर्थांश, ते ४२.८. आणि आपल्या दारूबंदी कायद्यातला पिण्याचा परवाना आरोग्य राखण्यासाठी दिला जातो, म्हणजे फारसी अर्थ मंत्रालयात शाबूत.

हार्बर लाइन:
परवाना काढाच. वयाची अट माइल्ड बिअरला २१, स्पिरिटला, म्हणजे रम, व्हिस्की, जिन वगैरेंना २५.

स्पिरिट चाखायची रीत वेगळी. माणशी १५ मिली, तीन प्रकार, जास्त नाही. ग्लास तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता. नाक आत खुपसू नका, काठापासून दोन-तीन बोटांवर धरा आणि तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा. नाहीतर अल्कोहोल झोंबून नाक काही मिनिटं निकामी होतं. पहिला थेंब कोरा, जिभेला ओळख करून देण्यापुरता. मग तेवढंच पाणी घाला. १५ मिलीत १५ मिली पाणी म्हणजे ४२.८चे २१.४ टक्के. झोंबणं कमी होतं आणि मागची चव पुढे येते: तुरट, खमंग, धुरकट जी असेल ती. पाण्याने चव फक्त पातळ झाली, नवीन काही उघडलं नाही, तर मूळ मालात फारसं काही नव्हतं असं खुशाल समजा. स्वस्त व्हिस्की इथे उघडी पडते, कारण तिचा बराचसा भाग मळीच्या स्पिरिटचा असतो आणि वरचा व्हॅनिलासारखा वास पाण्यात वेगळा तरंगतो. बर्फ आणि सोडा चाखताना नको. बर्फ वास दाबतो, सोडा झिणझिण्या आणतो आणि त्या झोंबण्यात मिसळतात.

चौथी सीट:
तुमच्या तीन धाग्यांप्रमाणे टीप अशी लिहिली तर? "क्र. ३. ६ टक्के. बराच कडू, झोंबत नाही. वास संत्र्याच्या सालीचा, हिरवट. अंग भरीव. कडूपणा बराच वेळ रेंगाळतो, शेवटी तुरट."

शब्दखूळ:
'बराच' दोनदा आलाय. बाकी चोख.

चौथी सीट:
उरलेलं किती दिवस टिकतं?

हार्बर लाइन:
उघडलेली बिअर त्याच दिवशी संपवा किंवा ओतून टाका. झाकण परत लावून ती वाचत नाही. स्पिरिट महिनोन् महिने टिकतं, पण बाटली एक तृतीयांशाच्या खाली गेली की आतली हवा चव बोथट करते, तेव्हा लहान बाटलीत काढा. बाटली उभी, अंधाऱ्या कपाटात ठेवा. खिडकीत किंवा ओट्यावर नको. आडवी वाइनची ठेवतात, व्हिस्कीची नाही. एवढ्या टक्क्याचं मद्य बुचाला सतत लागलं की बूच भुसभुशीत होतं आणि उघडताना अर्धं आत पडतं. पडलंच तर चहाच्या गाळणीला सुती कापड लावून गाळून घ्या.