मदत हवी आहे: जर्मनीत पीआरचा अर्ज केलाय, मधल्या काळात भारतात जाता येईल का?

नमस्कार मंडळी. मी म्युनिकमध्ये ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा मुदतीचा परवाना) नोकरी करते. जर्मन भाषेची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षा पास असल्यामुळे २७ऐवजी २१ महिन्यांनंतरच कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे पीआर, मागता येतो, म्हणून लगेच अर्ज भरला. पगारपत्रकं, भाडेकरार, पेन्शनच्या हप्त्यांचा उतारा, सगळं जोडलंय. पण परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून काहीच उत्तर नाही, ब्लू कार्डची मुदत संपत आलीय आणि दिवाळीनंतर साताऱ्याला धाकट्या बहिणीचं लग्न आहे. काहीही झालं तरी मला तिथे असायचंय!

मधल्या काळासाठी फिक्टसिओन्सबेशाइनिगुंग, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंतचा तात्पुरता दाखला, मिळतं. त्या घडीच्या कागदावर आत जर्मन वास्तव्य कायद्याच्या कलम ८१, पोटकलम ४च्या चौकोनात फुली असेल तर जर्मनीत परत येता येतं, पोटकलम ३ असेल तर नाही, हे मला माहीत आहे. धास्ती आहे ती मुंबई विमानतळाची. चेक-इनला तो कागद चालतो का? कोणी त्यावर प्रवास केलाय का? दुबईमार्गे जावं की थेट विमान बरं?

आणखी एक, नोकरी बदलताना महिनाभर पेन्शनचा हप्ता भरला गेला नव्हता. पीआरसाठी २१ महिन्यांचे हप्ते सलगच लागतात का? स्वतः यातून गेलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा, तिकीट अजून काढलेलं नाही.