एचपीव्हीची लस देताना मुलीला खरं कारण सांगायचं की नाही?

धागाकर्ती:
गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस मुलींना ९ ते १४ या वयात द्यावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यावर मला वाद घालायचा नाही. माझा मुद्दा पुढचा आहे. लस टोचायला नेताना बरेच आईवडील मुलीला ‘कॅन्सरची लस आहे’ एवढंच सांगतात. हा कॅन्सर जवळजवळ नेहमी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो आणि तो विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे मात्र गिळून टाकतात. मला हे चूक वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलीला हे साध्या शब्दांत कळतं. एकदा लस घेतली की सगळं मिटलं, अशाच समजुतीत ती मोठी झाली तर कंडोम का वापरायचा आणि तिशीनंतर तपासणी का करायची, हे तिला कोण सांगणार?

दोन मुलींचा बाबा:
अजिबात पटलं नाही. हेपटायटिस बीची लस आपण तान्ह्या बाळाला देतो. तो विषाणूही शरीरसंबंधातून पसरतो, पण बाळाच्या आईला कोणी ते समजावत बसत नाही. इथे आधी लैंगिकतेचा विषय काढलात की ‘आमच्या मुलीला कशाला हवी?’ हे आलंच. आणि एकदा पालक बिचकले की परत वळत नाहीत. जपानमध्ये २०१३ साली दुष्परिणामांच्या बातम्यांनंतर सरकारने शिफारस थांबवली. लस घेणाऱ्या मुलींचं प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होतं, ते १ टक्क्याच्याही खाली आलं. शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ उजाडलं. लस आधी दंडात जाऊ द्या, बोलणं नंतर करता येईल.

जुनी वाचक:
मला तर मूळ गृहीतकच खटकतं. लग्नाआधी संबंध नाहीत आणि नंतर एकच जोडीदार, एवढं पाळलं तर लस हवी कशाला? मुलींना संयम शिकवा. आणि द्यायचीच तर लग्न ठरल्यावर द्या.

धागाकर्ती:
@जुनी वाचक, संयमाला माझा विरोध नाही, पण एकट्या मुलीने तो पाळून भागत नाही. तिचा जन्मभर एकच जोडीदार असला आणि त्याचा पूर्वी कुणाशी संबंध आलेला असला, तरी विषाणू घरात येतो. ‘लग्न ठरल्यावर’ म्हणाल तर इंग्लंडमधला २०२१ सालचा अभ्यास पाहा. १२-१३ व्या वर्षी लस मिळालेल्यांमध्ये या कॅन्सरचं प्रमाण ८७ टक्क्यांनी घटलं. १६ ते १८ मध्ये मिळालेल्यांमध्ये फक्त ३४ टक्क्यांनी. आधीच झालेला संसर्ग लस घालवत नाही, म्हणून ती लवकर द्यायची. लस घेतलेल्या मुली संबंधांकडे लवकर वळतात का, हेही तपासून झालंय. तसं दिसलेलं नाही.

लॅबवाली:
रोज हे रिपोर्ट हाताळते म्हणून लिहिते. एचपीव्ही पॉझिटिव्ह आला की बाईचा पहिला प्रश्न असतो, ‘म्हणजे नवऱ्याने बाहेर काही केलं का?’ किंवा नवरा तिच्याकडे संशयाने बघतो. खरं तर हा संसर्ग इतका सर्रास आहे की संबंध आलेल्या बहुतेक सगळ्यांना तो कधी ना कधी होतो आणि साधारण दोन वर्षांत शरीर तो आपणहून घालवतं. काहींमध्ये तो वर्षानुवर्षं काही त्रास न देता टिकतो, त्यामुळे आजच्या रिपोर्टवरून तो कधी आणि कोणाकडून आला हे सांगताच येत नाही. या विषाणूचे १६ आणि १८ क्रमांकाचे घातक प्रकार ठाण मांडून बसले तर कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात. एवढा वेळ हाताशी असतो, त्यात तपासणी झाली तर पेशींतला बदल कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतो. आणि नेमक्या याच काळात बायका लाजेपायी येत नाहीत. ही लाज आपणच गप्प राहून शिकवलेली असते. मी धागाकर्तीच्या बाजूने.

दोन मुलींचा बाबा:
लॅबवालींचा मुद्दा मान्य, पण तो मोठ्या बायकांचा आहे. तपासणीच्या वेळी जरूर समजावा. लसीच्या रांगेत नको.

धागाकर्ती:
तपासणीला ती आलीच नाही तर? लसीत सगळे घातक प्रकार नसतात, म्हणून लस घेतलेलीलाही तपासणी चुकत नाही. कंडोमने धोका बराच कमी होतो, पण हा विषाणू त्वचेच्या स्पर्शानेही पसरतो, त्यामुळे पूर्ण टळत नाही. सिगारेटने कॅन्सरचा धोका वाढतो. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त गेलं तर अंगावर काढायचं नाही. यातलं एकही वाक्य तिला ‘कॅन्सरची लस’ एवढ्यावरून कळणार नाही.

जुनी वाचक:
वयाचा मुद्दा पटला, लस लवकर द्यावी. पण मुलींनाच का सांगायचं? विषाणू मुलग्यांकडूनही येतो ना?

लॅबवाली:
येतो, आणि घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर त्यांनाही होतो. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून मुलग्यांनाही लस देतात. सांगायचं तर दोघांना सांगा.

दोन मुलींचा बाबा:
मुलग्यांना लस द्या, हे शंभर टक्के मान्य. बोलण्याबद्दल माझं मत अजून तेच आहे: ते घरी, आईबापाने, आपल्या वेळेला करावं. लसीच्या कागदावर नको.