सैतान नसेल तर ते ब्लॅक मेटल नाही?

टेपवाला_दादर
प्रतिसाद लिहिता लिहिता वाढला म्हणून वेगळा धागा काढतोय. काल इथल्या एकाने ठोकून दिलं की, सैतानावर श्रद्धा नसलेल्याने वाजवलेलं ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलमधला हा काळा, खरखरीत प्रकार, ही नुसती नक्कल. आणि आपण हिंदू घरांत वाढलेले, बंड करायला समोर चर्चच नाही, त्यामुळे आपल्याला हे संगीत कळणं शक्य नाही. खाली 'अगदी बरोबर'ची रांग. डोकं फिरलं वाचून.

ज्या नॉर्वेच्या नावाने ही शपथ घातली जाते, तिथल्या पोरांचं तरी आपसात कुठे जमत होतं? मेहेम बँडचा गिटारिस्ट युरोनिमस ऑस्लोत हेल्वेटे नावाचं रेकॉर्डचं दुकान चालवायचा आणि गाण्यात सैतान हवाच असा त्याचा हेका होता. तोच कोवळ्या वयात कम्युनिस्ट युवक संघटनेत होता. बर्झमवाला विकर्नेस म्हणतो, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे चर्चं जळाली ती सैतानासाठी नव्हे, जुन्या नॉर्स देवांसाठी. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याने युरोनिमसचा खून केला. एन्स्लेव्ह्ड पहिल्यापासून नॉर्स पुराणं गातात. इमॉर्टलने तर स्वतःचं ब्लाशिर्ख नावाचं बर्फाळ राज्य रचलं आणि त्याच्यावरच गात राहिले. एक विचार दाखवा मला यांच्यात.

सारखा होता तो आवाज. अख्खी कॉर्ड वाजती ठेवून केलेलं ट्रेमोलो पिकिंग (तारा सलग, भरभर छेडणं), खाली ब्लास्ट बीट (ड्रमचा तुफान वेगाचा ठोका), किंचाळी, आणि मुद्दाम राखलेला पातळ, खरखरीत साउंड. बर्झम या आपल्या एकट्याच्या बँडच्या 'फिलोसोफेम' अल्बमसाठी विकर्नेसने हेडसेटच्या माइकवर आवाज रेकॉर्ड केला, कारण त्याला हाताशी असलेला सगळ्यात भिकार माइक हवा होता. हे सगळं डोळे मिटून ऐकू येतं. श्रद्धा ऐकू येत नाही.

नाशिकचा_काळोख
ती पोस्ट माझी. नाव घेऊन लिहायला काय झालं होतं?

तुझी कसोटी व्हेनम बँडला लाव. १९८२ चा त्यांचा 'ब्लॅक मेटल' अल्बम, ज्याच्यावरून या प्रकाराला नाव मिळालं. ट्रेमोलो? नाही. ब्लास्ट बीट? नाही. मोटरहेडच्या वळणाचं धसमुसळं मेटल आहे ते. मर्सिफुल फेट घे. किंग डायमंड उंच पट्टीत गातो, गिटार सरळ हेवी मेटलची. तरी ब्लॅक मेटलच्या पहिल्या, म्हणजे ऐंशीच्या दशकातल्या लाटेत हे दोघं सगळेच धरतात. व्हेनम, मर्सिफुल फेट, बाथरी, डार्कथ्रोन हे आवाजाने एकमेकांचे कोणी लागत नाहीत. यांना जोडणारा सैतान काढून घे आणि सांग मागे काय उरतं.

टेपवाला_दादर
व्हेनमचा सैतान हा नाटकाचा भाग होता, हे त्यांनीच सांगितलंय. म्हणजे श्रद्धा तिथेही नव्हती. मर्सिफुल फेटचं मान्य, आवाजाच्या कसोटीवर ते बसत नाहीत. त्यापलीकडे काही मान्य नाही.

वसईचा_बेसिस्ट
मी कॅथलिक. रविवारची मिस्सा चुकवत नाही, आणि शाळेपासून हेच संगीत ऐकतो. कॉलेजात आमचा बँड होता. ड्रमरला कळलं की मी खरोखर चर्चला जातो, सवयीने नाही तर मनापासून, तेव्हा तो म्हणाला की तू कॉर्प्सपेंट (तोंडाला फासतात तो प्रेतासारखा काळा-पांढरा रंग) लावून उभा राहिलास तर ते खोटं दिसेल. बाकी दोघं गप्प बसले. मी बँडच्या बाहेर. त्या तिघांच्या गळ्यात उलटे क्रॉस होते आणि एकानेही बायबल उघडलं नव्हतं. सैतान खरोखर आहे असं मानणारा त्या बँडमध्ये मी एकटा होतो. काळोख, तुमच्या नियमाने खरा कोण ठरतो?

आणि १९९४ चा होर्डचा 'हेलिग उस्वार्ट' ऐका. ऑस्ट्रेलियातला एकटा माणूस, सगळं वाजवणं-गाणं त्याचं, शब्द पूर्ण ख्रिस्ती. कोणी न सांगता ऐकवला तर नॉर्वेचाच म्हणाल.

नाशिकचा_काळोख
होर्ड ऐकलाय. त्यात सैतान सोडून आहे काय? त्याला हरवायचं, त्याला गाडायचं. विरोधात का असेना, केंद्रस्थानी तोच. माझंच म्हणणं सिद्ध होतंय. तुमच्या बँडवाल्यांनी केलं ते मात्र चूक. न वाचता क्रॉस उलटा घालणारे मलाही चालत नाहीत.

फोंड्याचा_रिफ
'समोर चर्च नाही' हे कोणी ठरवलं? आमच्या गोव्यात येऊन बोला. पोर्तुगीजांच्या भीतीने मंगेशी १५६० मध्ये कुठ्ठाळीहून रातोरात प्रियोळला आणावी लागली. आजी ही गोष्ट अशी सांगायची की जणू तिच्या डोळ्यांसमोर घडली. म्हणून नॉर्वेतलं फांटॉफ्टचं चर्च का जळालं हे मला कोणी समजवावं लागत नाही. हजार वर्षांचा राग आहे तो, आणि ब्लॅक मेटलचा गाभा तोच आहे.

वसईचा_बेसिस्ट
तुमच्या आजीच्या गोष्टीबद्दल आदर आहे. पण चर्च जाळण्याचा राग 'समजतो' हे ज्या धाग्यावर लिहिताय, तिथे माझ्यासारखा माणूस वाचतोय याचं भान ठेवा. माझे पूर्वज याच मातीतले. माझ्या आईचं लग्न, बाबांची अंत्ययात्रा, सगळं एका चर्चमधून झालं. त्याला काडी लावायला कोणी आला तर तुम्ही गाभा गाभा करत बसणार?

फोंड्याचा_रिफ
मी जाळा म्हटलेलं नाही. कळतं म्हटलं. शब्द तोंडात घालू नका.

बर्गनची_सून
मी फांटॉफ्टपासून जवळच राहते, म्हणून बोलते. ते चर्च साधारण ११५० मध्ये सोग्नमधल्या फोर्टुनला बांधलं गेलं, १८८३ मध्ये इथे आणलं, ६ जून १९९२ ला जाळलं. आता उभं आहे ते १९९७ ला पूर्ण केलेलं नवं बांधकाम. कोणी परक्या राजाने येऊन बांधलेलं नव्हतं हो ते. इथल्याच सुतारांचं काम. अशा चर्चांच्या छपरांवर ड्रॅगनची डोकी असतात, कोरीवकामात जुन्या काळाच्या खुणा. म्हणजे ज्या वारशासाठी जाळलं म्हणतात, तोच वारसा जळाला. अशी लाकडी चर्चं देशभरात अठ्ठावीसच्या आसपास उरलीत. आणि बर्झमने जळक्या सांगाड्याचा फोटो 'आस्के'च्या कव्हरवर छापून सोबत लायटर विकला. तुमच्या आजीची गोष्ट यात कुठे बसते, सांगा ना.

मेणवलीचा_पांथस्थ
इथे आपला इतिहास आठवतो. १७३९ ला चिमाजीअप्पांनी वसई जिंकली, पण चर्चच्या घंटा वितळवल्या नाहीत. आमच्या घाटावर, नाना फडणवीसांच्या वाड्यामागे, एक अजून टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे आणि गावाने ती कधी खरवडली नाही. शत्रूची वस्तूसुद्धा जपणारे आपण, चर्च जाळणाऱ्यांशी आपलं नातं कसलं?

वसईचा_बेसिस्ट
दादा, भावना चांगली आहे तुमची. पण घंटा उतरवून नेली ती लूटच होती. किल्ल्यातली चर्चं आज भग्न उभी आहेत, जाऊन बघा. मेरीला खरवडलं नाही याबद्दल आभार मानायचे का मी?

मेणवलीचा_पांथस्थ
आभार मागितले नाहीत. त्या काळी सगळेच न्यायचे. पोर्तुगीजांनी काय काय नेलं तेही मांडा मग.

मिरजेची_मीरा
धागा ब्लॅक मेटलचा आहे. घंटा पुरे.

माझा राग वेगळाच आहे. इथले साउंडवाले. दर शोला वरच्या फ्रिक्वेन्सी कापतात, किक ड्रम फुगवतात आणि वर विचारतात, 'मॅडम, गिटार एवढी किणकिणत का वाजते?' तशीच वाजायला हवी! विचारसरणी नंतर ठरवा, आधी ट्रेबल द्या.

आता काळोख, तुमच्या 'हिंदू घरात कळत नाही' बद्दल. १९९२ मध्ये सुरू झालेला सिंगापूरचा रुद्र बँड उपनिषदांवर गातो. मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शनने २०१७ ला 'दशावतार' काढला. चेकियाच्या कल्ट ऑफ फायरने तर २०१३ मध्ये अख्खा अल्बम 'मृत्यु का तापसी अनुध्यान' या देवनागरी नावाने आणला. प्रागमधल्या माणसाला काली पेलते आणि नाशिकच्या माणसाला म्हणे हे संगीत पेलत नाही?

नाशिकचा_काळोख
रुद्र स्वतःला वेदिक मेटल म्हणवतात, त्यांना यात ओढू नका. 'दशावतार' मला डेथ मेटलकडे झुकलेला वाटतो. कल्ट ऑफ फायर मात्र ब्लॅक मेटल आहे. त्यात स्मशान आहे, मृत्यूची उपासना आहे, आणि ते मनापासून आहे हे प्रत्येक गाण्यात जाणवतं. ठीक आहे. सैतानच हवा हा आग्रह सोडतो. पण कशावर तरी, जगाला नको असलेल्या कशावर तरी, श्रद्धा हवीच. रिकाम्या मनाने हे वाजत नाही.

टेपवाला_दादर
म्हणजे काल 'सैतान', आज 'कशावर तरी'. अमेरिकेच्या पॅनॉप्टिकॉनने २०१२ मध्ये केंटकीच्या कोळसा खाणकामगारांवर बँजो घेऊन अल्बम केला. तोही आत येतो मग.

आणि मी इतका चिडतो त्याचं कारण सांगतो. श्रद्धा हवीच म्हटलं की कोणती, हे ठरवायला कोणीतरी दारात उभा राहतो. डार्कथ्रोनच्या 'ट्रान्सिल्वेनियन हंगर' अल्बमच्या मागे 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' छापलं होतं, १९९४ ला, आणि निम्म्या गाण्यांचे शब्द विकर्नेसचे. डार्कथ्रोनने पुढे ते सोडून दिलं. पण मध्यंतरी एका कॅसेटवाल्याने मला माझं आडनाव विचारून मग टेप दाखवली, असल्यांना बळ मिळतं ते 'खरं' आणि 'खोटं' या भाषेतूनच.

नाशिकचा_काळोख
आडनाव विचारणारा नीच आहे. त्याचं पाप माझ्या माथी मारू नकोस. मी कधी कोणाची जात विचारली नाही, विचारणारही नाही. पण तुझ्या भीतीपायी मी हे संगीत म्हणजे गिटारची एक पद्धत एवढंच मानू का? मेहेमचा 'दे मिस्टेरिस' अल्बम पहिल्यांदा ऐकला त्या रात्री मी घरातला दिवा लावून झोपलो होतो. ट्रेमोलो पिकिंगने एवढी भीती वाटत नाही.

टेपवाला_दादर
वाटते. मला वाटली होती, आणि मी कशावरच श्रद्धा ठेवत नाही.

वसईचा_बेसिस्ट
मला वाटली तेव्हा मी प्रार्थना म्हटली आणि पुन्हा पहिल्यापासून लावला.

काळोख, आमचा नवा बँड झालाय. खाडीतला वाळूउपसा आणि बुडालेली शेतं यांवर गाणं केलंय, शब्द आमच्या वसईच्या कादोडी बोलीत. सैतान नाही, पण पैसे खाणारी माणसं आहेत. ऐकणार का?

नाशिकचा_काळोख
कादोडीतून किंचाळणार? पाठवा. नक्की ऐकतो. ब्लॅक मेटल आहे की नाही ते ऐकून सांगेन, आणि पटलं नाही तर तोंडावर सांगेन.