रनिंग शूजचा घोळ काही सुटेना, रुंद पंजावाल्यांनी सांगा

मेहरूणकाठी (जळगाव)

राम राम मंडळी. बरीच वर्षं पळतोय, रोज सकाळी मेहरूण तलावाला फेऱ्या आणि रविवारी जमलं तर शिरसोली रोडने लांबवर. स्पीडबिड आपल्याला काही नको, घरात शुगर आहे सगळ्यांना म्हणून चाळिशीच्या आधी सुरू केलं आणि मग सुटलंच नाही. पण बुटांचं काही केल्या जमत नाहीये. फुले मार्केटमधल्या सातशेवाल्यापासून ते पुण्याला मेहुण्याकडे गेलो की मॉलमधून आणलेल्या दहा-बारा हजारवाल्यापर्यंत सगळं घालून झालं. दुकानात चार पावलं चाललं की एकदम भारी वाटतो, आणि इकडे आणून पाच-सहा किमी झाले की करंगळी पेटते, त्याच्या पुढे गेलो की पंजा बधिर, आणि लांबचा रन झाला की अंगठ्याचं नख काळं ठिक्कर. एका दुकानात मशीनवर उभं केलं, तळव्याचा लाल-निळा फोटो काढला, तुमचा पाय आत वळतो म्हणाले आणि सपोर्टवाला महाग बूट गळ्यात मारला, त्याने करंगळी तर करंगळी, गुडघा पण कुरकुरायला लागला. मग म्हटलं एक नंबर मोठा घेऊ, तर टाच मागून उचलली जाते अन फोड. म्हणजे मोठा घेतला तरी मार, छोटा घेतला तरी मार.

आता घरात बुटांची रांग लागलीय आणि नवीन घ्यायचं नाव काढलं की बायको नुसती बघते. ज्यांचा पाय पुढून रुंद आहे त्यांनी शेवटी काय केलं? आणि तो पाय आत वळण्याचा प्रकार खरा असतो का?


भरीतपुरी (भुसावळ)

भाऊ, मना बी हाऊच प्रॉब्लेम व्हता, लई वरीस. बाकी सगळ्यांना कळेल असं लिहितो.

नवीन काही घेऊ नका अजून. घरात जे बूट पडलेत ना, त्यातली आतली गादी काढा, ती निघते बऱ्याच बुटांची, फरशीवर ठेवा आणि तिच्यावर अनवाणी उभे राहा, दोन्ही पायांवर सारखं वजन टाकून, बसून नाही. आता खाली बघा. माझी करंगळी अख्खी गादीच्या बाहेर लटकत होती, आणि तिच्या शेजारचं बोट अर्धं. म्हणजे इतकी वर्षं ती दोन बोटं बुटाच्या भिंतीत कोंबून मी पळत होतो आणि दोष देत होतो सोलला. त्यातल्या एका जोडीला तर स्टेशनजवळच्या मोच्याने करंगळीच्या जागी ब्लेडने चीर मारून दिली होती, दिसायला भंगार पण पळायला तोच त्यातल्या त्यात बरा होता, तेव्हाच डोक्यात प्रकाश पडायला पाहिजे होता.

लांबी आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपल्याकडे दुकानदार फक्त लांबीचा नंबर विचारतो. पाय टोचतो म्हटलं की एक नंबर मोठा काढून देतो, मग लांबीला बूट ढिला अन पंज्याला तसाच टाईट. तुमची टाच उचलली जाते ती त्याच्यामुळे. 8 ला 9 करून उपयोग नाही, 8 च रुंद पाहिजे.


बोरीकाठ (अमळनेर)

वरच्या दादांना अनुमोदन. रुंदीला अक्षरं असतात हे मला पण फार उशिरा कळलं. पुरुषांच्या बुटात डी म्हणजे नेहमीची रुंदी, 2ई म्हणजे रुंद आणि 4ई म्हणजे अजून रुंद. बायकांच्यात बी ही नेहमीची आणि डी म्हणजे रुंद. आता गंमत बघा, बायकांचा रुंद डी आणि पुरुषांचा साधा डी कागदावर एकच. माझे पाय माहेरी शेतात चपलेवर वाढलेले, बायकांचे नाजूक गुलाबी बूट मला कधी बसलेच नाहीत, शेवटी पुरुषांचं मॉडेल घेतलं यूकेच्याच नंबरात आणि काम झालं. दुकानातला मुलगा "मॅडम हे जेन्ट्सचं आहे" म्हणत राहिला, म्हटलं असू दे, पाय माझाय.

आणि हे आपल्या एकट्यादुकट्याचं नाहीये. चेन्नईच्या सीएलआरआयने, म्हणजे सरकारी चामडं संशोधन संस्थेने, 2021-22 मध्ये देशभरात एक लाखाच्या वर लोकांचे पाय मोजले, त्यात आपले पाय युरोपातल्या लोकांपेक्षा पंज्याला रुंद निघाले. त्याच्यावरून 'भा' नावाची आपली वेगळी मापं सुचवलीत. बाजारात येतील तेव्हा येतील, तोपर्यंत न्यू बॅलन्सच्या बऱ्याच मॉडेलमध्ये 2ई, 4ई मिळतं, असिक्सच्या काहींमध्ये 2ई. डब्यावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, बघून घ्या. जळगावला दुकानात मिळायची आशा धरू नका, ऑनलाइन मागवा, परत घेतात असं बघून. आल्यावर संध्याकाळी घाला, दिवसभरात पाय सुजलेला असतो तेव्हा, आणि पळताना घालता तेच मोजे घालून. घरातल्या घरात फरशीवरच फिरा, बाहेर नेला आणि तळ काळा झाला की परत घेत नाहीत.


अनवाणी (शहादा)

एवढं सगळं करण्यापेक्षा बूट काढून टाका. अबेबे बिकिला 1960 ला रोमची ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी जिंकला, 2:15:16, तेव्हाचा जगातला बेस्ट टाइम. आमच्याकडे सातपुड्यातली पोरं तोरणमाळच्या चढाला साध्या चपलेवर असा दम काढतात की महागड्या बूटवाल्यांची जिरते. पायाला देवाने फोम दिलेला नाही, गरज असती तर दिला असता. नाहीच जमत तर झिरो ड्रॉपवाला घ्या, टाच आणि पंजा एका पातळीत असलेला.


फिजिओताई (धुळे)

अनवाणी भाऊ, तोच बिकिला 1964 ला टोकियोत बूट घालून पळाला आणि आणखी फास्ट पळाला, 2:12:11, परत गोल्ड. त्यामुळे तो मुद्दा दोन्ही बाजूंनी वापरता येतो 🙂 आणि तुमच्या भागातली पोरं लहानपणापासून तशी चालतात, त्यांची पोटरी वेगळीच तयार झालेली असते. चाळिशीतल्या माणसाने 10-12 मिमी ड्रॉपच्या बुटातून एकदम झिरोवर उडी मारली की सगळा भार पोटरीवर आणि टाचेच्या मागच्या शिरेवर येतो, असे पेशंट माझ्याकडे येतच असतात. करायचंच असेल तर आठवड्यातून एखादा छोटा रन असं सुरू करा, महिने जाऊ द्या मध्ये.

आता पाय आत वळण्याबद्दल. पाय टेकल्यावर थोडा आत वळतोच, सगळ्यांचा वळतो, धक्का पचवायची ती पायाची रीत आहे. अमेरिकेच्या लष्करात, एअर फोर्समध्ये आणि मरीनमध्ये नवीन भरती झालेल्यांवर हे तपासून बघितलंय, अर्ध्यांना तळव्याच्या आकाराप्रमाणे बूट दिले, अर्ध्यांना आकार न बघता सरसकट एकाच प्रकारचा. दुखापतीत फारसा फरक पडला नाही. म्हणून मशीनच्या रंगीत फोटोवरून बूट ठरवू नका. फोटो खोटा नसतो, पण त्याच्यावरून काढलेला निष्कर्ष दुकानाचा असतो. घातल्या घातल्या जो आरामात वाटतो, कुठे टोचत नाही, "सैल होईल वापरून" असं ज्याच्याबद्दल सांगावं लागत नाही, तो घ्या. बूट सैल होईपर्यंत तुमचं नख जातं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पाहिजे, आणि दोन्ही पाय सारखे नसतात तेव्हा मोठ्या पायाला बघून घ्या.

टाच उचलली जाते त्याला नाडीचा उपाय आहे. घोट्याजवळ सगळ्यात वरती एक जादा भोक असतं, सहसा कोणी वापरत नाही. त्याच बाजूच्या नाडीचा त्यात छोटा फास करायचा, समोरच्या नाडीचं टोक त्यातून ओवायचं आणि मग खाली ओढून गाठ. टाच जागेवर बसते आणि पंजाकडची नाडी निवांत ढिली ठेवता येते. पंजा बधिर होतो त्यांनी खालचं पहिलं भोक सोडूनच द्यावं.

एक सांगायचं राहिलं, मेहरूणवाले भाऊ, बूट काढल्यावर थोड्या वेळात बधिरपणा जातो ना? जात असेल तर दोष बुटाचा. पण रात्री झोपताना पण मुंग्या येत असतील तर घरात शुगर आहे म्हणताय, आधी तपासून घ्या, बूट नंतर.


लळिंगघाट (धुळे)

पोलीस भरतीची तयारी करतोय, 1600 मीटर. आमच्या ग्राउंडवर कोणी दहा हजाराचा बूट घालत नाही, हलका असला की झालं. माझा पाय लांबट अन बारीक आहे त्यामुळे मला काही पण बसतं, रुंदीचं मला माहीत नाही. पण आपल्याकडच्या रस्त्याचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. जाड मऊ फोमवाला बूट घेऊन शिवार रस्त्याला जाऊ नका, बाभळीचा काटा त्यात लोण्यात सुरी जावी तसा जातो. आमच्या एका दोस्ताच्या सोलमध्ये काटा मोडून राहिला, दिसत नव्हता, आणि तीन-चार दिवसांनी पळता पळता दाबला जाऊन वर पायात आला. सराटे तर विचारूच नका. तळाला खाली कडक रबर पूर्ण असलेला बघा, काही बुटांना नुसता फोमच असतो आणि रबराचे दोन तुकडे चिकटवलेले. आणि पावसाळ्यात काळ्या मातीत खोल खाचांचा सोल नको, गाळ भरून एकेक पाय किलोभराचा होतो, डांबर सोडू नका त्या दिवसात.

अजून एक, मे महिन्यात बूट गाडीच्या डिक्कीत ठेवायचा नाही. 44-45 ला डिक्कीत काय होत असेल विचार करा, गोंद सुटून सोल उघडतो. ओला झाला तरी उन्हात नाही, आत पेपर कोंबून सावलीत.


मेहरूणकाठी (जळगाव)

सगळ्यांचे लई आभार. आज रविवार, सकाळपासून हाच उद्योग केला, घरातल्या सगळ्या बुटांच्या गाद्या काढून हॉलमध्ये मांडल्या, पोरगी म्हणे पप्पा दुकान टाकताय का. एकूण एक गादीवर करंगळी बाहेर. त्या मशीनवाल्या महागड्या बुटाची गादी तर सगळ्यात निमुळती निघाली. एकच जुना बूट होता ज्यात बोटं काठोकाठ का होईना आत बसत होती, आणि तो मी कधीचा रंग आवडत नाही म्हणून मागे टाकला होता.

ताई, बधिरपणा बूट काढला की पाच मिनिटात जातो, रात्री काही नाही. तरी शुगर या आठवड्यात बघून घेतो. वरच्या भोकाची नाडी त्या जुन्या बुटाला लावून संध्याकाळी तलावाला एक फेरी मारली, टाच खरंच हलली नाही. ही भोकं शोभेला असतात असंच वाटायचं आतापर्यंत. 2ई मध्ये 8 नंबर मागवलाय, तळाला रबर पूर्ण आहे असा बघून. नवीन आणि जुना असा आलटून पालटून वापरला तर चालेल ना? आणि किती किमीला बदलायचा?


फिजिओताई (धुळे)

चालेल काय, चांगलंच आहे, फोमला परत फुगायला वेळ मिळतो आणि पायाला पण रोज तोच दाब नको. साधारण 500 ते 800 किमी धरतात, पण तुमचं वजन आणि रस्ता याच्यावर आहे. आकड्यापेक्षा बाजूने फोमला बघा, आडव्या सुरकुत्या पडून तो परत उठत नसेल आणि पळून आल्यावर विनाकारण नडगी दुखायला लागली तर समजा संपला. वरून नवा दिसत असला तरी.


लळिंगघाट (धुळे)

काका ते बाकीचे निमुळते बूट 8 नंबरचेच आहेत का सगळे? धुळ्याला कधी येणं होतं तुमचं?


मेहरूणकाठी (जळगाव)

हाव रे भो, सगळे 8 चेच. पुढच्या शनिवारी साडूकडे येतोय, मशीनवाला पण घेऊन येतो, बायको स्वतः पिशवी भरून देतेय.